अर्थिंग टेंडरात नाही

आमच्या भागात एखाद्या संस्थेचा कायापालट करायचा ठरला की पहिला मान गेटचा. आत वर्ग गळत असो, पाण्याच्या टाकीत कबुतरं नांदत असोत, गेट मात्र भक्कम पाहिजे. त्यावर कमान पाहिजे, आणि कमानीवरचं नाव एवढं ठसठशीत पाहिजे की एसटीच्या पलीकडच्या खिडकीत बसलेल्या माणसालाही चष्म्याशिवाय वाचता यावं. कुंभार पिंपळगावहून रोज एसटीनं जाऊन-येऊन शिकता येईल इतक्या अंतरावर एक आयटीआय आहे. कागदोपत्री औद्योगिक प्रशिक्षण संस्था. ती कोणती हे मी सांगणार नाही. नाव छापून आलं की वरून खुलासा मागवतात, आणि खुलासा लिहिण्याचं काम शेवटी ज्या मास्तरांच्या गळ्यात पडतं ते आधीच दोन ट्रेड सांभाळतात.

तर या संस्थेचं गेट एका सकाळी ट्रकमधून आलं. ठेकेदाराच्या माणसांनी ते उतरवलं, दोघांनी खांबाला टेकवून धरलं, तिसऱ्यानं वेल्डिंगचं मशीन काढलं आणि बिजागऱ्यांवर टाके मारायला सुरुवात केली. समोर लिंबाखाली पंधरा-वीस पोरं बसून हा सोहळा बघत होती. ती वेल्डर ट्रेडची अख्खी बॅच होती. वर्कशॉपचं नूतनीकरण चालू असल्यामुळं त्यांचं प्रात्यक्षिक बंद होतं.

“सर, त्यानं स्लॅग झाडलीच नाई. तसाच रंग मारून राहिला,” एक पोरगं म्हणालं.

“तिकडं बघू नको,” सर म्हणाले. “डोळे जातील.”

वेल्डिंगकडं उघड्या डोळ्यांनी बघू नये हे शास्त्र आहेच. पण सरांच्या आवाजात शास्त्राहून जास्त काहीतरी होतं.

या कामाची गंमत मला तिथं पहिल्यांदा दिसली. जिथं वायरमन घडतात तिथली वायरिंग करायला वायरमन बाहेरून आला. जिथं प्लंबर शिकतात तिथले नळ परगावच्या माणसानं बसवले. खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा तयार आल्या. संस्थेत शिकणाऱ्यांनी फक्त एक काम केलं, बाकडी उचलून या खोलीतून त्या खोलीत नेली. त्याला ट्रेड लागत नाही.

आमच्याकडं दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या यादीची वाट घरोघर बघितली जाते. ट्रेडांचीही एक उतरंड आहे. सगळ्यात वर इलेक्ट्रिशियन, कारण त्याच्यामागं महावितरण उभी असते. निदान आयांच्या डोळ्यांसमोर तरी असते. मग फिटर, त्याला वाळूजची कंपनी. मग वायरमन, डिझेल मेकॅनिक, वेल्डर. कोपा म्हणजे कॉम्प्युटर, तो पंख्याखाली बसून करायचा असतो म्हणून मामांना आवडतो. गावात तीन-चार एकर कपाशी किंवा ऊस, पलीकडं एखादा मोसंबीचा मळा, जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी आलं तर बरं आणि नाही आलं तर हरी हरी, अशा घरातला एक मुलगा शेतात आणि एक आयटीआयला असतो. लग्नाच्या बायोडाट्यात आयटीआयवाला ‘कंपनीत’ एवढाच लिहिला जातो. कोणत्या कंपनीत, कायम की कंत्राटी, हे मुलीचा चुलता खाजगीत विचारतो.

या पोरांना सरकार विद्यावेतन देतं. कित्येक वर्षं ते महिन्याला ४० रुपये होतं. चाळीस. एका बाजूनं एसटीचं तिकीट काढून दुसऱ्या बाजूनं चालत यावं असा बहुधा त्यामागं आरोग्याचा विचार असावा. २०२३ मध्ये ते ५०० केलं. तेव्हा एका बापानं मला विचारलं, “आधीचे चाळीस धरून पाचशे, का पाचशे चाळीस?” शेतकरी माणूस, अनुदानाच्या हिशेबात मुरलेला.

आता तर मोठाच पैसा येणार म्हणतात. मे २०२५ मध्ये केंद्रानं देशभरातल्या आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींच्या योजनेला मंजुरी दिली. ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० राज्यांचे आणि १०,००० उद्योगांकडून. १,००० शासकीय आयटीआय निवडायच्या, त्यातल्या २०० मोठ्या आणि त्यांच्या आधारानं चालणाऱ्या ८०० लहान. याला ‘हब अँड स्पोक’ म्हणतात, म्हणजे चाकाचा तुंबा आणि आरे. ही बातमी बाजाराच्या दिवशी हॉटेलात वाचून दाखवली तेव्हा बाजूला चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्या सुतारानं बशी खाली ठेवली.

“तुंबे दोनशे, आरे आठशे?”

“हाव, बाबा.”

“म्हंजे एका तुंब्याला चार?” त्यानं बोटं मोडून पाहिली. “बैलगाडीला बारा लागतेत. चार आऱ्याचं चाक पहिल्याच नाल्यात बसंल.”

एवढं नेमकं तांत्रिक मत त्या योजनेवर दिल्लीतही कोणी दिलं नसेल. त्याला कोणी विचारलं नाही, कारण त्यानं आयटीआय केलेलं नाही.

आमच्या संस्थेचं काम मात्र या योजनेतलं नव्हतं, ते आधीच्याच कुठल्याशा निधीतलं होतं. निधी कुठला हे कोनशिलेवर लिहिलं आहे, पण कोनशिला लागली आणि लगोलग आचारसंहिता लागली, म्हणून तिच्यावर कागद चिकटवला. कागद काढताना अर्धी अक्षरं निघून गेली. अंदाजपत्रक तेवढं मी पाहिलं आहे. अंदाजपत्रक हा एक स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. त्यात पेव्हर ब्लॉक होते, संरक्षक भिंत होती, प्राचार्यांच्या खोलीला फॉल्स सीलिंग होतं, आठ कॅमेरे होते, आतून-बाहेरून रंग होता. मुलांना वर्कशॉपमध्ये काय लागतं हे विचारायला कोणी आलं होतं का, असं मी मामांना, म्हणजे तिथल्या शिपायांना, विचारलं. “आलते ना,” मामा म्हणाले, “टेप घेऊन आलते. भिंती मोजून गेले.”

रंगावर मात्र खोल विचार झाला. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पिवळा की फिकट निळा यावर दोन तट पडले. एक सदस्य म्हणाले, निळा धूळ दाखवतो. दुसरे म्हणाले, पिवळा पोरांचे हात दाखवतो. तिसऱ्यांनी विटकरी सुचवला, कारण त्यांच्याकडं विटकरी शिल्लक होता. बैठक चहावर संपली आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तिथूनच सुरू झाली.

मला त्या वेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण येत होती. हा माणूस मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेला. तिथं लक्षात आलं की आपल्या डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही. म्हणून रंग सोडून ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडं वळले आणि पुढं व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीत डावललं तेव्हा नोकरी सोडली, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना उभा केला. लोखंडी नांगर करायचे. कारागीर कुठून आणले? आजूबाजूच्या खेड्यांतून. ज्याच्या हातात काल खुरपं होतं त्याला कानस दिली आणि कामावरच शिकवलं. निवडुंगही त्यांच्याच माणसांनी तोडला. महाराष्ट्रातला एवढा मोठा कारखानदार रंग न ओळखणारा निघाला यात समितीसाठी काही बोध आहे का, हे मी बैठकीत विचारणार होतो. पण तेव्हा गुलाबी पुढं सरकत होता.

किर्लोस्करांचा विषय निघालाच आहे तर त्या लेथबद्दल सांगतो. फिटर-टर्नरच्या शेडमध्ये एक जुनं लेथ मशीन होतं, किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला काढलेल्या मैसूर किर्लोस्कर कारखान्यातलं. बेड ओतीव लोखंडाचा, घासून घासून चांदीसारखा झालेला. हेडस्टॉकवर पांढऱ्या रंगानं घातलेले जडवस्तू नोंदवहीचे तीन नंबर, एकावर एक. गिअर बदलताना ते असा आवाज करी की शेजारच्या वर्गातला कोपावाला दचके. पण टर्निंगच्या सरांचं म्हणणं असं की या मशीनवर ज्याचा हात बसला तो कुठंही उपाशी मरत नाही. नूतनीकरणात शेड रिकामी करायची म्हणून ते बाहेर काढलं, ताडपत्री घातली आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की नव्या पेव्हर ब्लॉकवरून ते आत ओढत नेलं तर ब्लॉक फुटतील. म्हणून त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव गेला. मशीन चालू असताना निर्लेखन करता येत नाही, बंद असल्याचा दाखला लागतो. सरांनी दाखला द्यायला नकार दिला. “चालू मशीन बंद हाय असं मी लिहू कसं?” मग अधिकाऱ्यांनी मधला मार्ग काढला. मशीनला वीज जोडलेली नाही, सबब ते बंद आहे. हे तर्कशास्त्र लावलं तर उन्हाळ्यात आमचा अख्खा तालुका रोज काही तास निर्लेखित होतो.

कुंभार पिंपळगावच्या नावात कुंभार आहे, पण आयटीआयच्या यादीत कुंभारकाम नाही. तसा त्यांच्यासाठी केंद्रानं दुसरा रस्ता केला. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली, अठरा कारागिरींची, त्यात कुंभार आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर आणि पुढं कर्ज. माझ्या ओळखीचे एक कुंभारबाबा आहेत, त्यांचा आजा-पणजा चाकावरच गेला. त्यांना विचारलं, जाणार का प्रशिक्षणाला.

“पाच दिवसांत शिकवतेत का सगळं?” बाबांनी विचारलं.

“मूलभूत शिकवतात.”

“मपल्या बापाला नऊ वर्षं लागली मला शिकवायला,” बाबा म्हणाले. “लई मंद असंल त्यो.”

विजेवरच्या चाकाचं त्यांना कौतुक आहे, पण त्यांचं जुनं चाक अजून कोपऱ्यात आहे. काठी घालून फिरवायचं. वीज गेली की नव्या चाकावरचं मडकं तिरकं होऊन बसतं. जुन्याला वीज गेल्याचं समजतच नाही.

याच बाबांना मी एकदा टस्कीगीची गोष्ट सांगितली होती. अमेरिकेत अलाबामात बुकर टी. वॉशिंग्टन या, गुलामीत जन्मलेल्या माणसानं १८८१ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. इमारतीला पैसे नव्हते. त्यानं ठरवलं, विटा मुलांनीच पाडायच्या, भिंती मुलांनीच रचायच्या. पहिली भट्टी बिघडली. दुसरी बिघडली. तिसरी बिघडली. तेव्हा त्यानं स्वतःचं घड्याळ गहाण टाकलं आणि चौथी भट्टी लावली, ती जमली. पुढं त्या संस्थेच्या विटा आजूबाजूचे लोक विकत नेऊ लागले. मी गोष्ट रंगवून सांगितली, घड्याळाच्या ठिकाणी थोडा थांबलोही.

बाबांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. “तीन भट्ट्या फुकट गेल्या? मंग त्या साहेबानं कुंभार कामून नाई बोलावला?”

आता हे सगळं प्राचार्यांना सांगून पाहिलं. साहेब, गेट वेल्डरच्या पोरांनी केलं असतं, जाळ्या त्यांनी, वायरिंग इलेक्ट्रिशियनवाल्यांनी. पुण्याजवळ पाबळला श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो याच विचारावर, की हातानं करता करता शिकायचं आणि गावाच्या गरजेचं करायचं. कर्मवीर भाऊराव तर स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडले होते, आणि पोरांनी कमवत शिकावं हे त्यांनी आयुष्यभर चालवून दाखवलं. प्राचार्य भला माणूस. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकेक अडचण पुढं ठेवली. पोरं सोळा-सतरा वर्षांची. कोणी शिडीवरून पडलं तर विमा कोणाचा? पालक म्हणतील, शिकायला पाठवलं का मजुरीला? आणि निविदा भरायला नोंदणीकृत ठेकेदार लागतो, पोरगं भरू शकत नाही. यातलं एकही म्हणणं खोटं नव्हतं. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्या शेजारीच आहे. प्रयत्नवादाचा एवढा मोठा पुरस्कर्ता तिथं होऊन गेला, पण समर्थांना ई-निविदा भरावी लागली नव्हती.

मग आलं अर्थिंग.

वर्कशॉपची वायरिंग झाली. चकचकीत बोर्ड, नवे एमसीबी, पंखे. इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा नव्या शेडला चक्कर मारून आला आणि सरांना म्हणाला, “सर, हिरवी वायर बोर्डातून निघून भिंतीबाहेर येती.”

“मग?”

“मग काईच नाई. तिथं संपती.”

सर बघून आले. खरंच, हिरवी वायर भिंतीतून बाहेर येऊन, टोकाला काळी पट्टी गुंडाळून, खिळ्याला अडकवून ठेवली होती. खाली खड्डा नाही, पाइप नाही, काही नाही. थ्री फेज मशीन त्याच्यावर चालवायची. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं तर त्यानं मोबाइलवर अंदाजपत्रकाचं पान काढून दाखवलं. वायरिंगचे पॉइंट लिहिलेले होते, अर्थिंग लिहिलेलं नव्हतं. “टेंडरात नाही,” तो म्हणाला. प्रामाणिक माणूस. न लिहिलेलं काम त्यानं केलं नाही, लिहिलेलं केलं, त्यातलं निम्मं चांगलं केलं.

पाइप अर्थिंग करणं हे इलेक्ट्रिशियनच्या अभ्यासक्रमातलं प्रात्यक्षिक आहे. आजवर ते फळ्यावर व्हायचं, कारण आवारात खड्डा खणायला परवानगी नव्हती. सरांनी त्या दिवशी फळा पुसला. दुसऱ्या दिवशी पोरांनी घरून टिकाव, खोरी, पहारी आणल्या. शेतकऱ्यांच्याच घरची पोरं, खड्डा खणायला त्यांना निदेशक लागत नाही. दुपारपर्यंत चांगला खोल खड्डा झाला. काळी माती वर, मग मुरूम, मग पहारीला ठण् असा आवाज करणारा थर. अडीच मीटर लांबीचा, भोकं पाडलेला जीआय पाइप सरांनी कुठून तरी मिळवला. कोळसा लोहाराकडून आला. खडे मीठ किराणा दुकानातून पोत्यानं आलं, दुकानदारानं विचारलं, “सर, घरी लोणचं घालता का?” मग एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वर नरसाळं. फिटरवाल्यांनी झाकण करून दिलं आणि वेल्डरच्या पोरांनी त्याची कडी जोडली. स्लॅग व्यवस्थित झाडून. मामांनी दोन घागरी पाणी ओतलं. शेवटी अर्थ टेस्टर जोडून पोरांनी रीडिंग घेतलं. काटा खाली उतरला तेव्हा एका पोरानं शिट्टी मारली आणि सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या सगळ्या कामात शिकण्यासारखं काही झालं असेल तर ते त्या खड्ड्यात झालं, असं माझं मत आहे. पेव्हर ब्लॉकवाल्यांचं मत वेगळं पडलं, कारण खड्डा त्यांच्या रांगेत आला होता.

उद्घाटनाचं सांगण्यासारखं फार नाही. पाहुणे उशिरा आले आणि लवकर गेले. फीत कापायची कात्री बोथट निघाली, ती कटिंग-शिवणच्या मुलींनी पुढं होऊन बदलून दिली. प्रमुख पाहुण्यांनी एका पोराच्या हातातला घासून केलेला लोखंडी व्ही-ब्लॉक उचलून पाहिला, वजनदार आहे म्हणाले आणि त्याचा कागद दाबायला चांगला उपयोग होईल असं सुचवलं.

खरी मजा पुढं लेखापरीक्षणात आली. आयटीआयमध्ये कच्चा माल वापरला की त्यातून तयार झालेला जॉब भांडारात जमा दाखवावा लागतो. एवढं लोखंड घेतलं, एवढे जॉब झाले, एवढा भुगा निघाला. सरांनी मिठाची पावती इमानदारीनं ‘प्रात्यक्षिक साहित्य’ या सदरात लावली होती. लेखापरीक्षकांनी गेटवर काही लिहिलं नाही, फॉल्स सीलिंगवर काही लिहिलं नाही, तोवर गळायला लागलेल्या वरच्या कोपऱ्याकडं त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. आक्षेप आला तो मिठावर. इलेक्ट्रिशियन व्यवसायात खाद्य मिठाचं प्रयोजन स्पष्ट होत नाही. तसंच सदर मिठापासून तयार झालेला जॉब भांडारात जमा आढळत नाही.

सरांनी अनुपालन लिहिलं. मीठ अर्थिंगसाठी वापरण्यात आले असून तयार जॉब कार्यशाळेच्या पूर्व भिंतीलगत जमिनीत आठ फूट खाली कार्यान्वित आहे.

त्यावर परत शेरा आलाय. जॉब प्रत्यक्ष पडताळणीसाठी उपलब्ध करून द्यावा. सरांनी परवा पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारून ठेवलं, कोणाकोणाच्या घरी टिकाव आहे म्हणून.